न फुटणारी आघाडी

२०११ सालच्या ऑक्टोबरात, ३, ४ आणि ५ तारखेला, महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांच्या बोटांना शाई लावली गेली. मतदानाच्या दिवशी लावतात तीच, घासून न निघणारी. एकच पोर सकाळी एका संस्थेच्या पटावर आणि दुपारी दुसऱ्या संस्थेच्या पटावर उभे केले जाईल, ही भीती खुद्द सरकारला होती. नांदेड जिल्ह्यात आधी मोजणी झाली, पटावरची पोरे वर्गात सापडेनात, तेव्हा ही पटपडताळणी राज्यभर करावी लागली. हजाराहून अधिक शाळांत निम्मी मुलेही हजर नव्हती. जी मुले जन्मालाच आली नाहीत त्यांच्या नावाने तुकड्या मंजूर होत्या, तुकड्यांच्या नावाने शिक्षकांची पदे, पदांच्या नावाने अनुदान. खिचडीचा तांदूळही त्यांच्याच नावाने शिजत होता. चोर कोण, हे कागदावर दिसत होते. तरी गुन्हे नोंदवायला सरकारचे हात धजेनात. उच्च न्यायालयाला कान पिळावे लागले.

आम्हाला त्या शाईचे मोठे नवल वाटते. मुलांच्या बोटाला शाई लागली, पण मत मिळाले नाही. ज्याला मत नाही त्याच्यासाठी या राज्यात कायदा होत नाही; झालाच तर असा होतो की पाणी पिण्याआधीच भांड्याला भोक. खासगी शाळांविषयी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने गेल्या चाळीसेक वर्षांत केलेले कायदे एकापुढे एक मांडून पाहावेत. प्रत्येकाला भोक आहे, आणि ते चुकून पडलेले नाही. ते मोजूनमापून पाडलेले आहे.

आघाड्यांच्या राजकारणाचा या राज्याला आता सराव झाला आहे. पुलोद झाले, युती झाली, एकमेकांविरुद्ध लढून निकालानंतर एका ताटात जेवणारे दोन्ही काँग्रेसवाले झाले. २०१४ ला वेगळे लढून पुन्हा गळ्यात गळे घालणारे भाजप-सेनावाले झाले, पहाटेचा शपथविधी झाला, महाविकास आघाडी झाली, गुवाहाटीची सहल झाली, महायुती झाली. पक्ष फुटले, चिन्हे फुटली, घरे फुटली. काका-पुतण्यांत बोलणे उरले नाही. या साऱ्या पडझडीत एक आघाडी मात्र कधीच फुटली नाही. तिचा जाहीरनामा नाही, तिचे चिन्ह निवडणूक आयोगाच्या यादीत नाही, तिची बैठक कुठल्या बंगल्यावर होते ते वर्तमानपत्रांत छापून येत नाही. ती सत्तेच्या बाकांवरही बसते आणि विरोधी बाकांवरही. ती संस्थाचालकांची आघाडी.

शिक्षणसंस्था काढणे हे पाप आहे, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणाऱ्याला महाराष्ट्र कळलेलाच नाही. १८८० च्या १ जानेवारीला पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उघडले, ते खासगीच होते. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला, पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, तीही सरकारची खाती नव्हती. इंग्रजांच्या शाळा ज्या उंबऱ्याशी पोहोचल्या नाहीत तिथे या माणसांनी दिवा नेला. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य वीस वर्षे तुटपुंज्या वेतनावर राबण्याची शपथ घेत. पुढे त्यांच्यात भांडण जुंपले आणि टिळक १८९० मध्ये संस्थेतून बाहेर पडले. त्या भांडणाचे एक मुख्य कारण काय होते? सदस्यांनी बाहेरून चार पैसे मिळवावेत की मिळवू नयेत! आजच्या संस्थाचालकांना हा वाद सांगून पाहा. ते निरागसपणे विचारतील, बाहेरून कशाला मिळवायचे? आतून मिळतात की.

हा बदल एका रात्रीत झाला नाही, पण एक तारीख सांगायचीच तर १९८३ ची सांगावी. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालये काढायला परवानगी दिली. मराठी पोरे डोनेशन भरून कर्नाटकात जातात, तो पैसा इथेच का राहू नये, असा त्यामागचा हिशेब होता, आणि तो सगळाच खोटा होता असे नाही. पण परवानग्या कुणाला मिळाल्या ते पाहा. ज्यांच्याकडे साखर कारखाना होता, जिल्हा बँक होती, बाजार समिती होती, त्यांच्याकडे आता कॉलेजही आले. कॉलेजाच्या मागोमाग शाळा आल्या. उसाच्या फडापासून प्रवेशाच्या अर्जापर्यंत सारे एका वाड्यात. चारच वर्षांनी, १९८७ मध्ये, याच विधिमंडळाने डोनेशनबंदीचा कायदा केला आणि त्यात तुरुंगवासाची तरतूद घातली. आधी गिरणी काढायची आणि मग धान्य दळायला बंदी घालायची! ‘डोनेशन’ हा शब्द तेवढा पावतीवरून उडाला. त्याच्या जागी बिल्डिंग फंड आला, विकास निधी आला, ‘ॲक्टिव्हिटी’ची फी आली, संस्थेच्याच दुकानातून घ्यायचे गणवेश आणि वह्या आल्या. रक्कम तीच, पावतीवरची बारशी नवी.

या आघाडीच्या ताकदीचा खरा अंदाज घ्यायचा तर क्षणभर महाराष्ट्राबाहेर, केरळात जायला हवे. तिथे ही परीक्षा आपल्या कितीतरी आधी झाली.

१९५७ मध्ये ई. एम. एस. नंबुद्रीपाद यांचे साम्यवादी सरकार मतपेटीतून निवडून आले. त्यांचे शिक्षणमंत्री जोसेफ मुंडश्शेरी स्वतः ख्रिस्ती, स्वतः प्राध्यापक, आणि खासगी संस्थेची नोकरी म्हणजे काय ते भोगलेले. त्यांनी एक विधेयक आणले. अनुदानित शाळेतल्या शिक्षकाचा पगार सरकार थेट देईल. शिक्षक लोकसेवा आयोगाच्या यादीतून नेमले जातील. कारभार बिघडलेली शाळा सरकार ताब्यात घेऊ शकेल. यात क्रांती ती काय? पैसे जनतेचे, तर नेमणुकीवर जनतेची नजर, एवढाच बाजारभाव. पण विधेयक येताच एरवी एकमेकांच्या सावलीला न उभे राहणारे लोक हातात हात घालून रस्त्यावर आले. कॅथलिक चर्च आले, कारण शाळा त्यांच्या. मन्नत्तु पद्मनाभन यांची नायर सर्व्हिस सोसायटी आली, कारण शाळा तिच्याही. मुस्लिम लीग आली. काँग्रेस आली. राष्ट्रपतींनी विधेयक सर्वोच्च न्यायालयाकडे सल्ल्यासाठी धाडले. १९५८ मध्ये सल्ला आला. काही कलमे दुरुस्त होऊन कायदा झाला. तरी आग विझली नाही, कारण आग घटनेतल्या कलमांसाठी लागलीच नव्हती. १९५९ च्या जूनमध्ये शाळा उघडायच्या दिवसांत ‘विमोचन समर’ पेटले, अंगमालीत गोळीबार झाला, माणसे मेली. ३१ जुलै १९५९ रोजी नेहरूंच्या केंद्र सरकारने केरळचे सरकार बरखास्त केले. जमीनसुधारणेचाही राग त्यात मिसळला होता हे खरेच. पण ठिणगी शाळेच्या कायद्याची. पुढच्या निवडणुकीत काँग्रेस, प्रजा समाजवादी पक्ष आणि मुस्लिम लीग एकत्र लढून जिंकले. केरळच्या अनुदानित शाळांत शिक्षक नेमण्याचा अधिकार व्यवस्थापनाच्या हातात आजही आहे. नेमणूक त्यांची, पगार सरकारचा.

नेमणूक संस्थेची, पगार सरकारचा. ही चार शब्दांची गाठ ज्या कुणाला सोडवायची असेल त्याने १९५९ आठवावे. भारतातल्या सगळ्या मंत्र्यांनी ते आठवणीत ठेवले आहे. म्हणूनच ते गाठीला हात लावत नाहीत. वरून फुले वाहतात.

आपल्याकडे २०१७ मध्ये ‘पवित्र’ पोर्टल आले. नाव ऐकूनच हसू यावे! शिक्षकभरती परीक्षेच्या गुणांवर व्हावी, मधला व्यवहार संपावा, असा हेतू सांगितला गेला आणि तो हेतू आम्ही खराच मानतो. मग खासगी संस्थांची कुरकुर सुरू झाली. आमचा अधिकार, आमची स्वायत्तता! मग तोड निघाली की एका जागेसाठी दहा उमेदवारांची यादी संस्थेकडे जावी आणि मुलाखत संस्थेने घ्यावी. दहांतून एक निवडायचा, बंद खोलीत. त्या खोलीत गुण बोलतात की आणखी काही बोलते, हे डी.एड. झालेल्या कुठल्याही पोराला विचारा. तो आजूबाजूला पाहील, आवाज खाली आणील, आणि एक आकडा सांगेल. शेत विकून भरलेला तो आकडा आम्ही इथे छापू शकत नाही, कारण त्याची पावती नसते. २०२५ मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचा घोटाळा उघडा पडला, शिक्षण खात्याचे अधिकारी गजाआड गेले. कधी न नेमलेल्या शिक्षकांचे पगार सरकारी तिजोरीतून निघत होते. २०११ ला खोटी मुले सापडली, २०२५ ला खोटे शिक्षक. आता खोटी शाळा तेवढी सापडायची राहिली आहे. तीही असेल कुठे तरी, मान्यतेच्या फायलीत.

आता फीच्या कायद्याकडे येऊ. शैक्षणिक संस्था शुल्क विनियमन कायदा विधिमंडळाने २०११ मध्ये केला. सरकार दोन्ही काँग्रेसचे. कायद्याच्या नावातच २०११ आहे. पण तो दिल्लीला गेला, फिरला, थांबला आणि अंमलात यायला २०१४ चा डिसेंबर उजाडला. ज्या मुलीने २०११ च्या जूनमध्ये पहिलीत पाऊल टाकले ती तोवर चौथीत गेली. त्या साऱ्या वर्षांची फी तिच्या बापाने ‘येऊ घातलेल्या’ कायद्याच्या आशेवर भरली. तोवर सरकार बदलले होते. नव्या सरकारला तरी या कायद्याला दात बसवता आले असते. त्यांनी २०१८ मध्ये दुरुस्ती केली खरी, पण दात बसवायला नाही, होते ते उपटायला. फीविरुद्ध विभागीय समितीकडे एकट्या-दुकट्या पालकाला जाता येणार नाही. शाळेतल्या किमान पंचवीस टक्के पालकांनी मिळून तक्रार केली पाहिजे!

हिशेब करा. दोन हजार मुलांच्या शाळेत पाचशे पालक. पाचशे पालकांचे फोन नंबर कुठल्या शाळेने पालकाला दिले आहेत? फाटकाबाहेर दोन पालक बोलताना दिसले तर वॉचमन हटकतो. आणि प्रत्येकाचे पोर आत आहे. दुकानदाराशी भांडून गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाते. शाळेशी भांडणाऱ्या पालकाचे लेकरू संध्याकाळी साडेपाचपर्यंत दुकानदाराच्याच ताब्यात असते. हे ज्याला कळत नाही तो आमदार असू शकतो, बाप असू शकत नाही. एका माणसाची तक्रार खरी असेल तर ती खरीच असते. तिला खरे ठरायला आणखी चारशे नव्व्याण्णव माणसे लागतात, हा न्याय कुठल्या पोथीतला? चोरी झाल्यावर आळीतल्या पाव लोकांनी एकत्र आल्याशिवाय पोलिसांनी नोंद घ्यायची नाही, असा कायदा उद्या करून पाहा.

या पंचवीस टक्क्यांचा विनोद अजून पुढे आहे.

शिक्षण हक्क कायदा, म्हणजेच आरटीई, २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या बाराव्या कलमाने विनाअनुदानित खासगी शाळांना पहिल्या वर्गातल्या किमान पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायला लावल्या. त्याची प्रतिपूर्ती सरकारने करायची. महाराष्ट्रात हा आकडा कैक वर्षे मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये असा राहिला. हा कायदाही काँग्रेस आघाडीच्याच काळातला, आणि त्यालाही वाट काढलेली. अल्पसंख्याक संस्था २००५ च्या त्र्याण्णवाव्या घटनादुरुस्तीतच वगळलेल्या होत्या. २०१२ आणि २०१४ च्या निकालांनी त्या शिक्षण हक्कातूनही पूर्ण बाहेर गेल्या. मग काय, भाषिक अल्पसंख्याक दाखल्याला सोन्याचा भाव आला. कालपर्यंत स्वतःला केवळ इंग्रजी म्हणवणाऱ्या शाळांना अचानक आपली मायबोली आठवली. २०२५ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी २०१४ च्या निकालावर शंका घेतली आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवावा असे म्हटले. न्यायालयाला अकरा वर्षांनी जे खटकले ते आमच्या विधिमंडळात कुणाला एकदाही खटकले नाही, हे विशेष.

पण दाखले जमवण्याचाही त्रास नको म्हणून महायुती सरकारने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी एक अधिसूचना काढली. खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला पंचवीस टक्क्यांच्या बंधनातून सुटका. एका परिच्छेदात साऱ्या कायद्याचे पोट फाडले! पुण्या-मुंबईत कुठलीही महागडी शाळा घ्या आणि तिच्याभोवती एक किलोमीटरचे वर्तुळ काढा. महापालिकेची एखादी गळकी शाळा त्या वर्तुळात सापडणारच. म्हणजे ज्या शाळेत घरकाम करणाऱ्या बाईची मुलगी आणि त्याच घरच्या मालकिणीची मुलगी एका बाकावर बसाव्या म्हणून कायदा झाला, नेमकी तीच शाळा सुटली. विधिमंडळात चर्चा नाही, मतदान नाही. नियमातल्या दुरुस्तीने केंद्राच्या कायद्याला कात्री. ६ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. १९ जुलैला मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांच्या खंडपीठाने अधिसूचना घटनाबाह्य ठरवून रद्द केली. शाळा सर्वोच्च न्यायालयात धावल्या, ऑगस्टमध्ये तिथूनही हात हलवत परतल्या.

स्थगिती मिळाल्यावर अर्ज पुन्हा सुरू झाले तेव्हा सुमारे एक लाख पाच हजार जागांसाठी दोन लाखांहून अधिक पालकांनी रांग लावली. यादी मात्र निकालापर्यंत अडकली. जूनमध्ये शाळा भरल्या, घंटा वाजल्या, आणि ही मुले जुलै सरत आला तरी घरात पाटी घेऊन बसून राहिली. सहा वर्षांच्या पोराला उच्च न्यायालय म्हणजे काय ते कसे सांगावे? आई रोज सांगत राहिली, उद्या जायचे हं.

आणि आता पंचवीस टक्क्यांचे ते दोन आकडे शेजारी ठेवा. गरिबाच्या मुलांना पंचवीस टक्के जागा द्यायच्या, तर सरकारला किलोमीटर मोजावेसे वाटतात. श्रीमंत शाळेला पालकांपासून वाचवायचे, तर तेच पंचवीस टक्के लोखंडी गजासारखे उभे राहतात.

विरोधी बाकांवरच्या सन्माननीय सदस्यांनी फार हर्षभरित होऊ नये. एक किलोमीटरची ही अक्कल महायुतीला स्वतःच्या डोक्यातून सुचलेली नाही. त्याच्या पाच वर्षे आधी, २०१९ च्या आरंभी, शेजारच्या कर्नाटकाने हाच नियम केला होता. शेजारच्या शाळेच्या आडोशाने खासगी शाळांची सुटका! तिथे तेव्हा सरकार कुणाचे होते? धर्मनिरपेक्ष जनता दल आणि काँग्रेस यांच्या आघाडीचे. परिणामी तिथल्या खासगी शाळांतल्या आरटीई जागा लाखाच्या वरून काही हजारांवर आल्या. म्हणजे बंगळुरूत काँग्रेसने सहभागी होऊन केले ते मुंबईत महायुतीने केले. मुंबईत काँग्रेस आणि तिचे मित्र त्याला ‘गरीबविरोधी’ म्हणून गरजले. बंगळुरूत त्यांना कंठ फुटला नव्हता. पक्षाने सीमा ओलांडली की तत्त्व सीमेवरच्या जकात नाक्यावर जमा होते, असे दिसते.

महाविकास आघाडीचाही एक प्रसंग सांगितला पाहिजे, नाहीतर आमच्यावर पक्षपाताचा आळ येईल. करोनाच्या काळात वर्ग बंद, मैदान बंद, बस बंद, फी मात्र चालू. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या मे महिन्यात राजस्थानच्या खटल्यात पंधरा टक्के सवलतीचा मार्ग दाखवला. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने जुलैअखेर ते मान्य केले. आता अध्यादेश निघणार, अशी चर्चा झाली. १२ ऑगस्टला निघाला तो साधा शासन निर्णय. अध्यादेश आणि शासन निर्णय यांत काय फरक, ते पालकाला ठाऊक नसेल; संस्थाचालकाच्या वकिलाला चांगले ठाऊक होते. संस्था न्यायालयात गेल्या. एखाद्याच्या हातात काठी द्यायची, पण ती उसाच्या कांडीची!

मात्र एक प्रश्न उरतो. शाळांच्या कायद्याला भोक पडतेच, तर १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती कायदा का टिकला? शिक्षकाला वाटेल तेव्हा हाकलता येऊ नये, दाद मागायला न्यायाधिकरण असावे, हे त्याने बऱ्याच अंशी घडवले. उत्तर सोपे आहे. शिक्षकांच्या संघटना होत्या, आणि विधान परिषदेत शिक्षकांच्या सात जागा आहेत. मत होते, म्हणून कायदा होता. त्यातही गंमत अशी की या सात जागांवर मत देणारे शिक्षक माध्यमिक आणि त्यावरचे. प्राथमिक शिक्षकाला त्या मतदारयादीत जागाच नाही. आणि पालकांच्या जागा किती? शून्य. पालक ही जात नाही, महामंडळ नाही, व्होट बँक नाही. पालकपण दहा-बारा वर्षे टिकते आणि पोर दहावी झाले की माणूस त्यातून सेवानिवृत्त होतो. संस्थाचालकपण पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

ज्यांना मत आहे त्यांनाही ही आघाडी कशी झुलवते, त्यासाठी एक शब्द पुरे. कायम. गावोगावच्या शाळांना मान्यता देताना सरकारने ‘कायम विनाअनुदानित’ अशी अट घातली. म्हणजे कधीही पैसे मागायचे नाहीत. संस्थाचालकांनी आनंदाने सही केली, कारण उपाशी राहायचे होते शिक्षकाने. वर्षानुवर्षे हजारो शिक्षक बिनपगारी किंवा हातावर टेकवलेल्या चिल्लरीवर फळा पुसत राहिले. २० जुलै २००९ रोजी सरकारने तो ‘कायम’ शब्द काढून टाकला. विधानसभेची निवडणूक त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात होती. योगायोग किती सुंदर असतात! शब्द गेला, पैसा आला नाही. मूल्यांकन झाले, याद्या झाल्या, ‘घोषित’ झाल्या, ‘अघोषित’ झाल्या. वीस टक्क्यांचा पहिला टप्पा यायला २०१६ लागले. २०२५ च्या जुलैत हेच शिक्षक, आता केस पिकलेले, पावसात आझाद मैदानावर बसले होते, कारण मंजूर झालेल्या पुढच्या टप्प्याला पैसेच ठेवलेले नव्हते. दोन्ही बाजूंचे पुढारी मैदानावर येऊन गेले, दोघांनीही कळवळा दाखवला. सोळा वर्षांत दोन्ही बाजूंच्या हाती तिजोरी येऊन गेली होती, हे त्यांना कुणी तरी आठवून द्यायला हवे होते.

मग सरकारने धडा घेतला का? घेतला. स्वतःच्या सोयीचा घेतला. २०१२ चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा म्हणजे ‘कायम’ या शब्दाला नवा अंगरखा. या शाळांनी अनुदान मागायचेच नाही. २०१७ च्या नागपूर अधिवेशनात त्याला दुरुस्ती जोडून कंपन्यांनाही शाळा काढायची मुभा मिळाली. आधीचा कायदा एका आघाडीचा, दुरुस्ती दुसरीची. या दोघांना कर्जमाफीवर एकमत करायला जमले नाही, धरणावर नाही, औरंगजेबावर नाही. शाळेच्या दुकानावर कसे चटकन जमले!

संस्थाचालकांची बाजू अगदीच निराधार आहे असे आम्ही मानत नाही. आरटीईची प्रतिपूर्ती सरकार वर्षानुवर्षे थकवते, हे खरे. तालुक्याच्या गावी भाड्याच्या चार खोल्यांत शाळा चालवणारी एखादी शिक्षिका त्या थकबाकीपायी खरोखर कर्जात बुडते. तिची तक्रार रास्त आहे आणि आम्ही तिच्या बाजूने उभे राहू. पण हे चतुर लोक करतात काय? मोर्चात त्या शिक्षिकेला पुढे उभे करतात आणि सवलत मिळवतात वातानुकूलित वर्गांच्या शाळेला. थकबाकी हे दुखणे सरकारचे. त्याचे औषध म्हणून गरिबाच्या मुलाचे नाव कापायचे, ही वैद्यकी कुठली? पैसे वेळेवर द्या, असा कायदा करा की. तसे विधेयक मात्र एकाही आमदाराने आग्रहाने लावून धरल्याचे आम्हाला आठवत नाही. थकबाकी टिकली तर तक्रार टिकते, तक्रार टिकली तर सवलत मागता येते.

जोतिबा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सांगितले होते की रयतेच्या घामाचा पैसा वरच्यांच्या शिक्षणावर उधळला जातो आणि रयतेची पोरे अक्षराविना राहतात. १९१२ मध्ये गोखल्यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी आपटले. त्या ३८ मध्ये गोरे अधिकारी होते आणि काळे जमीनदारही होते. तेव्हाही आघाडीच होती. त्या वेळचे ते लोक निदान उघडपणे म्हणत की शेतकऱ्याचे पोर शिकले तर गुरे कोण राखील. आजच्यांची जीभ गोड आहे. ते ‘गुणवत्ता’ म्हणतात, ‘स्वायत्तता’ म्हणतात.

आणि वाचकहो, थोडे आपल्याकडेही पाहू. फी वाढली की व्हॉट्सॲपवर कोकलणारा पालक निवडणुकीत मत कुणाला देतो? ज्याची शाळा मोठी त्याला. ‘साहेबांनी तालुक्यात इंग्लिश मीडियम आणले’ म्हणून त्यांच्या वाढदिवसाच्या फलकावर स्वतःचा फोटो लावतो. आरटीईतून आलेले पोर आपल्या मुलीच्या बाकावर बसले तर शिक्षिकेकडे जाऊन कुजबुजतो. ही कुजबुज संस्थाचालकाला ऐकू येते आणि तो ती विधिमंडळात जोरात बोलतो. ३८ विरुद्ध १३ चे गणित आपल्या सोसायटीच्या लिफ्टमध्येही रोज होते.

आमच्या मागण्या फार नाहीत. २०१८ ची दुरुस्ती रद्द करून एकट्या पालकाला तक्रारीचा हक्क परत द्या. विभागीय शुल्क समित्या भरलेल्या ठेवा आणि त्यांचे निकाल लोकांना वाचता येतील असे छापा. अनुदानित शाळेतली मुलाखत बंद करा. पगार सरकारचा, तर निवडही गुणांची. आरटीईचे पैसे ठरल्या तारखेला न दिल्यास सरकारवर व्याज लावा. आणि सर्वांत आधी एक लहानशी गोष्ट करा, जिला एक रुपयाही खर्च नाही. राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही ठेवण्याचा नियम आहे. तशी नोंदवही महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांत शाळांपुरती तरी उघडा. कुणाची कुठली संस्था, विश्वस्त कोण, बायको, मुलगा, मेहुणा, सून, सगळे त्यात येऊ द्या. लपवायचे काही नसेल, आणि नसणारच, कारण सगळे समाजसेवाच करत आहेत, तर ते अभिमानाने लिहितील.

पुढच्या अधिवेशनात खासगी शाळांचे एखादे विधेयक पुकारले जाईल. त्या वेळी अध्यक्षांनी मतदानाआधी विचारावे, ज्यांच्या घरात शाळा आहे त्यांनी हात वर करा आणि या मतदानापुरते बाहेर बसा. दोनशे अठ्ठ्याऐंशींच्या विधानसभेत गणपूर्तीला एकोणतीस सदस्य लागतात. हात वर करणारे बाहेर गेल्यावर आत तेवढे उरतात का, ते एकदा मोजून पाहावे. मोजताना कुणी एका दाराने बाहेर जाऊन दुसऱ्या दाराने आत येईल अशी भीती वाटत असेल, तर २०११ ची उरलेली शाई शिक्षण खात्याच्या कपाटात कुठे तरी असेलच.